‘लिमा’ म्हणजे हात की पाच?

बालीच्या सहलीत ड्रायव्हरने हाताला ‘लिमा’ म्हटलं, तुमच्या इंडोनेशियन ॲपमध्ये मात्र ‘लिमा’ म्हणजे पाच आणि हाताला ‘ताङान’. मग चुकलं कोण, आणि ‘ताङान’ हा ‘तनु’ आणि ‘अंग’ मिळून झालेला संस्कृत शब्द आहे का, असे तुमचे दोन प्रश्न. चूक कोणाचीच नाही. ड्रायव्हर बोलला ती त्याच्या घरची बाली भाषा, ॲप शिकवतंय ती इंडोनेशियन. बाली भाषेत हात आणि पाच, दोन्हींना ‘लिमा’च म्हणतात.

मी नोकरीनिमित्त चार वर्षं जावा बेटावरच्या सुरबायाला होतो. तिथल्या मंडईत भाजीवाली ‘लिमा रिबू’, म्हणजे पाच हजार रुपिया म्हणायची आणि बोटं पसरून पंजा पुढे करायची. मला भाषा येत नव्हती तेव्हापासून तो हात लक्षात आहे. शब्द आणि हात एकाच वेळी समोर यायचे. ते मुळात एकच असावेत हे मला फार उशिरा कळलं.

बाली आणि इंडोनेशियन ज्यातल्या, त्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात बाराशेच्या आसपास भाषा आहेत. पश्चिमेला मादागास्कर, पूर्वेला ईस्टर बेट, उत्तरेला तैवान. हवाई आणि सामोआ इथे हात म्हणजे ‘लिमा’ आणि पाचातही तोच ‘लिमा’. टोंगात दोन्हींना ‘निमा’, ईस्टर बेटावर ‘रिमा’. हवाईत बोटांना ‘मानामाना लिमा’ म्हणतात, म्हणजे हाताच्या फांद्या. फिजीत पाच ‘लिमा’ आणि हात ‘लिङा’, न्यूझीलंडच्या माओरीत पाच ‘रिमा’ आणि हात ‘रिङा’. हा ङ नीट उच्चारा. आपण तो बाराखडीच्या तक्त्यात पाहतो आणि विसरतो, या भाषांत तो रोज लागतो. ‘ताङान’मध्येही तोच आहे. ‘तांगान’ म्हटलंत तर ‘ग’ जास्तीचा होतो.

आता ‘ताङान’ संस्कृत का नाही. फिलिपिन्समधल्या तागालोगमध्ये हाताला ‘कामाय’ म्हणतात, पण ‘ताङान’ हा शब्द तिथेही आहे, अर्थ ‘हातात धरलेलं’. म्हणजे शब्द त्यांच्या घरचाच, ‘धरणं’ आणि ‘हात’ यांच्या मधोमध फिरणारा. ‘तनु’ आणि ‘अंग’ जोडून हात कसा होणार, हाही प्रश्न उरतोच. खरा संस्कृत शब्द हवा असेल तर जावाच्या भाषेत आहे. तिथे स्वतःच्या हाताला ‘ताङान’ म्हणायचं, पण वडीलधाऱ्यांच्या हाताला ‘अस्ता’. हा आपला ‘हस्त’. इंडोनेशियन जिच्यावरून आली त्या मलयमध्ये ‘हास्ता’ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप, आपण ‘दोन हात कापड’ म्हणतो तसं.

नुसत्या साम्यावर जाऊ नका हे सांगतो, त्याचं कारण मादागास्कर. तिथे पाचाला ‘दिमी’ म्हणतात. ऐकायला ‘लिमा’पासून लांब, पण ‘इ’च्या आधीचा जुना ‘ल’ तिथल्या मालागासी भाषेत ‘द’ होतो. मलयमध्ये त्वचा ‘कुलित’, मालागासीत ‘हुदित्र’. जिथे तिथे ‘ल’च्या जागी ‘द’ आला की नातं पक्कं धरायचं. आणि त्यांचा हात म्हणजे ‘तानाना’, हा ‘ताङान’चा भाऊ. यात पहिल्या ‘ता’वर जोर द्यायचा. मधल्या ‘ना’वर दिलात तर तेच अक्षर-अक्षर ‘गाव’ होतं, अंतानानारिवो या राजधानीच्या नावात आहे ते.

हात बदलला आणि पाच टिकला, हे मलय, तागालोग, मालागासी या सगळ्यांत झालेलं दिसतं. आकडे रोज ओळीने म्हटले जातात, त्यामुळे ते चिवट असतात असं मला वाटतं. पण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर बरोबर उलटं झालं. तिथे मोठ्या सरदाराच्या नावातली अक्षरं इतरांनी उच्चारायची नाहीत अशी रीत होती, आणि त्यात नेहमीचे शब्द जायचे. तिथे पाच आता ‘पाए’ आहे, हात मात्र ‘रिमा’च.

मग आधी हात की आधी पाच? इथे तज्ज्ञांचं एकमत नाही. तैवानच्या रुकाई भाषेत हात ‘आलिमा’ आणि पाच ‘लिमा’, म्हणजे हाताला एक अक्षर जास्त. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट या कुळाच्या मूळ भाषेतही असेच दोन वेगळे शब्द मानत. दुसरे भाषाशास्त्रज्ञ लॉराँ सागार यांनी 2004 साली वेगळं मांडलं. तैवानच्याच पाझेह भाषेत हात ‘रिमा’ आहे, पण पाच ‘खासप’. सहा ‘खासबुझा’, सात ‘खासबिदुसा’. ‘दुसा’ म्हणजे दोन, तेव्हा सात म्हणजे पाच आणि दोन. सागार म्हणतात की ‘खासप’सारखा पाच हाच जुना, आणि हाताचा शब्द पाचाच्या जागी नंतर बसला. मला सागार यांचं पटतं, कारण हात दाखवून मोजणं पाहिलं की शब्द तिकडे सरकणं सहज वाटतं. आपल्याकडे ओघ उलटा आहे. फारसीत ‘पंज’ म्हणजे पाच, त्यावरून आपला ‘पंजा’ आला आणि पत्त्यांतली ‘पंजी’ही त्याच घरातली.

पाझेहच्या शेवटच्या अस्खलित बोलणाऱ्या आजी 2010 साली गेल्या, वय 96. ‘खासप’ हा शब्द आज आपण लिहू शकतो तो त्यांच्यासारख्यांनी संशोधकांपुढे बसून एक-एक शब्द सांगितला म्हणून. तुमच्या ड्रायव्हरचा नंबर अजून असेल तर त्याला पाय, डोळा, कान यांचे बाली शब्द विचारा आणि इथे टाका. मी मालागासीतले जोडीला देतो.