समृद्धीवर डोलणारी झेड४ आणि ३ लाख ४० हजारांचं सस्पेन्शन

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, नोकरी मिहानमध्ये. २०१३ची बीएमडब्ल्यू झेड४ त्यांनी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड, २१ लाखांना, कर्ज न काढता घेतली. आता ५८ हजार किलोमीटर झालेत. समृद्धीवर शंभरच्या पुढे गाडी "होडीसारखी डोलते", गावात सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर पाठीत दणका बसतो आणि पुढच्या डाव्या शॉकरवर तेल दिसतंय. हातात तीन कोटेशनं आहेत. नुसत्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचं ४२ हजार. मूळ स्प्रिंग ठेवून चारही शॉकर बिल्स्टाइन बी६, सोबत टॉप माउंट, बुश आणि लिंक रॉड हे सस्पेन्शनचे छोटे जोडभाग, असं फिटिंगसह १ लाख ६५ हजार. तिसरं केडब्ल्यू व्ही३ कॉइलओव्हरचं (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच), ३ लाख ४० हजार. मन तिसऱ्यावर बसलंय, त्यासाठी १४ टक्क्यांचं तीन वर्षांचं पर्सनल लोन मंजूरही आहे. बायको म्हणते, तेवढ्यात घराला रंग होतो. बाबा म्हणतात, "काहून बे, चांगली गाडी खोलून ठेवतो?" वाचक विचारतात: सर, घेऊ का?

तिसरं घेऊ नका, दुसरं घ्या, आणि त्यासाठी पर्सनल लोन काढू नका.

पण "गाडी म्हणजे पैशाचा खड्डा" वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. ते माहीत असूनच तुम्ही दोन दारांची, दोन सीटांची गाडी घेतलीत. गृहकर्जाचा हप्ता वेळेवर जातो, ३० हजारांची एसआयपी चालू आहे, मुलीच्या शाळेचे पैसे वेगळे काढलेले आहेत. एवढं सांभाळणाऱ्या माणसाने रविवारी सकाळी छप्पर उघडून रामटेकला चक्कर मारली तर त्यात माझं काही जात नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की तुमच्या गाडीला दुरुस्ती हवी आहे आणि तुम्ही खरेदी करायला निघालात.

तुमच्या तक्रारी नीट वाचा. गाडी डोलते, म्हणजे मऊ. गाडी दणके देते, म्हणजे कडक. एकच सस्पेन्शन एकाच वेळी मऊ आणि कडक कसं? कारण या दोन तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंग एकदा दबली की ती वर-खाली झुलत राहू नये हे काम शॉकरचं. शॉकरचं सील गेलं, तेल झिरपलं की स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही. वेग वाढला की तेच डोलणं तुम्हाला जाणवतं. दणक्याचं कारण मात्र बहुतेक टायरमध्ये आहे. तुमची गाडी कंपनीतून रनफ्लॅट टायरवर येते. हवा गेली तरी गाडी काही अंतर चालावी म्हणून त्या टायरची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते. त्यात नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात ४५ अंशांत वर्षानुवर्षं भाजलेलं रबर आणखी कडक होतं. सिमेंट रोडचा जोड किंवा गट्टूची उचललेली कड ही टायरने गिळायची वस्तू आहे. टायरने ती गिळली नाही तर दणका थेट बुशवर आणि टॉप माउंटवर येतो, आणि ५८ हजार किलोमीटरनंतर तेही थकलेले असणार.

आता व्ही३ लावलं तर? डोलणं थांबेल, शंका नाही. फार चांगली वस्तू आहे ती. पण तिच्या स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा कडक असतात आणि गाडी खाली बसते, म्हणजे दबायला जागाही कमी. वेस्ट हायकोर्ट रोडवरचा दणका कमी होण्याऐवजी वाढला तर नवल नाही. साडेतीन लाखांच्या घरात पैसे घालून अर्धी तक्रार जायची आणि उरलेली अर्धी वाढायची.

व्ही३चे जे जास्तीचे पैसे आहेत ते कशाचे, हेही बघा. उंची कमी-जास्त करता येते, शॉकर दबताना किती अडवायचा आणि सुटताना किती, हे वेगवेगळं फिरवून ठरवता येतं. रेसट्रॅकवर जाणाऱ्याला हे सोनं आहे. दर फेरीनंतर दोन क्लिक इकडे, एक तिकडे. पण आपले नावाजलेले ट्रॅक कुठे? चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडात. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला भारी अभिमान, पण तिन्ही ट्रॅक इथून साधारण हजार किलोमीटर किंवा त्याहून लांब. पत्रात ट्रॅकचा उल्लेखही नाही. तुमचा रस्ता म्हणजे वर्धा रोडचा डबल डेकर पूल, रिंग रोड, महिन्यातून एकदा समृद्धी आणि वर्षातून एकदा चिखलदऱ्याचा घाट. त्या क्लिका एकदा बसवल्या की पुन्हा कोणी हात लावणार नाही.

४२ हजारांच्या स्प्रिंगांबद्दल मी अनुभवाने बोलतो. २०१२ साली माझ्याकडे एक हॅचबॅक होती आणि अक्कल बेताची होती. एका गॅरेजवाल्याने (नाव कशाला घ्या) सांगितलं, "शॉकर तेच ठेवू, फक्त स्प्रिंग टाकू, गाडी बसून दिसेल." दिसली. वर्षभरात पुढचे दोन्ही शॉकर गळाले, कारण आखूड स्प्रिंगवर जुना शॉकर सतत तळाशी आपटत होता. शॉकरचा खर्च स्प्रिंगांच्या वर गेला. मूळ स्प्रिंग परत लावायला गेलो तर गॅरेजवाल्याने त्या भंगारात दिलेल्या. तुमचा एक शॉकर आधीच गळतोय, त्यामुळे हा पर्याय कागदावरूनच खोडा.

बी६ची गंमत अशी की तो मूळ स्प्रिंगवर, मूळ उंचीत बसतो आणि तरी कंपनीच्या शॉकरपेक्षा घट्ट असतो. दुरुस्तीत दुरुस्ती होते आणि थोडं अपग्रेडही. तो मऊ मात्र नाही, हे आधीच सांगतो. गावातला दणका बुश आणि टायर बदलल्यावर कमी होईल, शॉकरने नाही. ऑर्डर देण्यापूर्वी एक गोष्ट बघून घ्या. गाडीत स्पोर्ट मोडचं बटण आहे म्हणजे शॉकर इलेक्ट्रॉनिक आहेत असं नाही. चाक काढून शॉकरला वायर जाते का ते बघायला सांगा. वायर असेल तर साधा शॉकर टाकल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागेल, त्याची वेगळी सोय करावी लागेल, आणि हे १ लाख ६५ हजारांचं कोटेशन बदलेल.

आता आकडे. ३ लाख ४० हजार, १४ टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता ११,६२० रुपये. एकूण परतफेड ४ लाख १८ हजार ३२०, त्यात व्याज ७८,३२०. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला १८ हजार उरतात. त्यातले दोन तृतीयांश तीन वर्षांसाठी एका सस्पेन्शनला बांधले गेले. तेही टायर न धरता. चार टायरांना ८०-९० हजार धरा, आणि ते कुठलंही सस्पेन्शन घेतलं तरी लागणारच आहेत. म्हणजे खरी तुलना १ लाख ६५ हजार विरुद्ध ३ लाख ४० हजार अशी नसून अडीच लाख विरुद्ध सव्वाचार लाख अशी आहे.

जाता जाता, तिसऱ्या कोटेशनचा फोटो मी मोठा करून पाहिला. किट २ लाख २५ हजार, त्यावर २८ टक्के जीएसटी ६३ हजार, बाकी ५२ हजार फिटिंग आणि इतर. गाड्यांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ४०,५०० व्हायला हवे होते; २२,५०० रुपये तुमच्याकडून जास्त मागितलेत. जुना नमुना कॉपी केला असेल, भांडू नका, पण दुसरं कोटेशनही याच नजरेने तपासून घ्या.

पैसे आणायचे कुठून? बँकेत २ लाख आणि एफडीत ४ लाख आहेत, असं तुम्ही "पडून आहेत" या सुरात लिहिलंय. ते पडून नाहीत. तुमचे अटळ खर्च महिन्याला १ लाख १५ हजार आहेत. सहा लाख म्हणजे पाच महिन्यांची सोय, आणि खासगी नोकरीत मला त्याहून कमी चालत नाही. त्यातून ३ लाख ४० हजार काढले तर सव्वादोन महिने उरतात. म्हणून एफडी मोडू नका.

तुमचा बोनस एप्रिलमध्ये, कर जाऊन १ लाख ७० हजार येतो. आज जानेवारी आहे. गळका शॉकर तीन महिने तसाच ठेवा असं मी म्हणणार नाही. ब्रेक मारताना टायर रस्त्याला धरून ठेवायचं कामही तोच करतो. तेव्हा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. साडेआठ टक्के धरले तर १ लाख ६५ हजारांवर तीन महिन्यांचं व्याज सुमारे साडेतीन हजार. बोनस आला की त्याच दिवशी फेडा. दरमहा उरणारे १८ हजार जानेवारी ते मे बाजूला ठेवा, ९० हजार होतात, जूनच्या पहिल्या पावसाआधी टायर. एसआयपीला हात लागत नाही.

टायर रनफ्लॅटच घ्यायचे की साधे? साधे घेतले तर गावातला दणका नक्की कमी होईल आणि खर्चही बहुधा कमी. पण तुमच्या गाडीत स्टेपनी नाही. समृद्धीवर रात्री पंक्चर झालं तर हवा भरायचा पंप आणि पंक्चर किट हाताशी असायला हवं, आणि भिंत फाटली तर तेही कामाचं नाही. माझ्या मते तुमचं ९० टक्के चालवणं गावात आहे, साधे घ्या. पण सौ. एकट्या गाडी घेऊन अमरावतीला माहेरी जातात असंही लिहिलंय, तेव्हा हा निर्णय त्यांना विचारून करा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे, आणि कलम १८२-एनुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मूळ उंचीत बसलेल्या शॉकरवर वाद निघायला जागा कमी. खाली बसवलेल्या गाडीवर ती जास्त. काहीही लावलंत तरी विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. उद्या अपघाताच्या क्लेमला सर्व्हेअर गाडीखाली वाकणारच. आणि रबरी भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे बुशचे पैसे विम्यातून निघतील या आशेवर राहू नका.

तुमची गाडी २०१३च्या सप्टेंबरची. म्हणजे सप्टेंबर २०२८मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात, एमएच-३१च्या त्या आरसीचं नूतनीकरण येतं आणि गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते. झेड४ आयात गाडी आहे. आयात चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ४० हजार आहे, वर हरित कर. हा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही. जूनपासून गाडीच्या नावाने ८ हजारांची आरडी सुरू करा. ऑगस्ट २०२८पर्यंत २७ हप्ते, २ लाख १६ हजार मुद्दल. त्यातून नूतनीकरण निघेल, बॅटरी निघेल, छपराच्या मोटारीने कधी रुसवा धरला तर तोही निघेल. आणि एवढं करून पैसे उरले, मन अजूनही कॉइलओव्हरवरच असलं, तर तेव्हा रोखीने घ्या; मी अडवणार नाही. मात्र त्या दिवशी मूळ स्प्रिंगा गॅरेजमधून घरी आणा आणि माळ्यावर ठेवा.

एक काम आजच करा. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे आकडे मला पाठवा. सहा वर्षांपेक्षा जुने निघाले तर वर लिहिलेला क्रम उलटा करू: ओव्हरड्राफ्टमधून आधी टायर आणि पुढचे दोन शॉकर, मागचे दोन शॉकर आणि बाकी काम एप्रिलमध्ये.