मॉरिशसला गोल्फ खेळायचा असेल तर टी टाइम आधी लेखी घ्या

डिसेंबरात कुटुंबासोबत मॉरिशसला जाताय, पॅकेजमध्ये ‘गोल्फ समाविष्ट’ आहे आणि एजंट म्हणतोय की वेळ-बिळ तिथं गेल्यावर ठरवू, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. दादा, टी टाइम म्हणजे खेळ सुरू करायची क्लबनं दिलेली वेळ. तिथं गेल्यावर काहीही ठरत नाही.

आम्ही कोल्हापुरातल्याच एका बुकिंग ऑफिसमार्फत थायलंडला गेलो होतो. सोबत माझे थोरले साडू. रजा काढून पुण्याला येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जाऊन खेळणारा माणूस. समुद्राकाठी एकदा खेळायचं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. व्हाउचरवर नुसतं ‘एक राउंड’, म्हणजे अठरा होलचा एक खेळ, एवढंच लिहिलेलं. सकाळी तयार होऊन क्लबवर पोचलो, तर स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना क्रमानं सोडणाऱ्या माणसाच्या, टेबलावरच्या तक्त्यात आमचं नाव पार तळाला, दुपारी तीननंतरच्या रकान्यात. ऑफिसनं आमच्यासाठी ट्वायलाइट रेटचा, म्हणजे दिवस कलतानाचा स्वस्त राउंड घेतला होता. अठरा होलला चार-साडेचार तास लागतात आणि तिकडं हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मागचे होल सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल-नसेल, तोच मार्शल, म्हणजे कोर्सवर देखरेख करणारा माणूस, आला आणि बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) परत न्यायला सांगितली. समुद्राला लागून असलेले होल अगदी शेवटी होते. साडूंना ते खेळायला मिळालेच नाहीत.

कोल्हापूरला फोन लावला, तर “ते तिथलं आहे, तिथंच बोला.” तिथं विचारलं, तर “तुमच्या एजंटनं हेच घेतलंय.” नुसती टोलवाटोलवी. कॅडी, म्हणजे खेळताना सोबत राहणारी मदतनीस, सक्तीची होती. तिची फी, टिप आणि बग्गीचं भाडं रोखीनं वेगळं द्यावं लागलं. परत येऊन लेखी तक्रार दिली, तर ‘राउंड दिलेला आहे’ एवढंच उत्तर. ज्यानं कधी टी टाइम घेतलेला नाही त्यानं गोल्फ विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळेच एजंट तसे नसतात. विमान, हॉटेल त्यांच्याकडूनच घ्या, पण गोल्फ क्लबशी स्वतः बोलून ठरवा.

मेलमध्ये तारीख आणि वेळ लेखी मागा. ग्रीन फीमध्ये (कोर्सवर खेळायच्या शुल्कात) बग्गी धरली आहे का, हँडिकॅप सर्टिफिकेट (खेळाची पातळी दाखवणारा दाखला) लागतं का, खेळायच्या काठ्या, म्हणजे क्लब, भाड्यानं मिळतात का, तेही विचारून घ्या. डावखुरे असाल तर तसं आधीच कळवा. इल ऑ सर्फचा कोर्स घेणार असाल तर तो बेटावर आहे, होडीनं जावं लागतं. होडीची वेळ टी टाइमशी जुळवून घ्या. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरनं आखलेला हा कोर्स दिसायला देखणा आहे, पण पाणी आणि खारफुटी बॉल गिळतात, तेव्हा नवे महागडे बॉल नेऊ नका. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, त्यामुळं सकाळचीच वेळ धरा.

एकच राउंड असेल तर मी स्वतःचे क्लब नेणार नाही, हे माझं वैयक्तिक मत. न्यायचेच असतील तर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानात एवढी लांब बॅग घेतात का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठा. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचं, डोकं काढता येत असेल तर काढून मोज्यात गुंडाळा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

दर आणि नियम बदलत असतात, म्हणून आकडे मुद्दाम दिले नाहीत. क्लबचं उत्तर आलं की त्याची प्रत एजंटला पाठवा आणि पॅकेजमधून गोल्फचे पैसे कमी करून मागा.