आवडता रोबो आणि तुझी फिल्म

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा स्टोरीबोर्ड पाहिला. ‘द आयर्न जायंट’ हा ॲनिमेशन सिनेमा तू शाळेत असताना केबलवर पाहिलास, परवा पुन्हा पाहून ढसाढसा रडलीस, आणि आता डिप्लोमाची फिल्म त्याच रोबोला सलाम म्हणून करणार म्हणतेस. चित्रं सुरेख आहेत. तरी ही फिल्म करू नकोस असं मी म्हणेन, आणि काहून, ते जरा सविस्तर लिहितो.

रडू कशाचं आलं ते आधी तपास. थोडं त्या सिनेमाचं असेल, पण बरंचसं त्या वयाचं असतं: मे महिन्यातली दुपार, कूलरचा खडखडाट, ओल्या खसचा वास, आवाज कमी कर म्हणून आतून ओरडणारी आजी. ही दुपार तुझ्या प्रेक्षकाकडे नाही. तुझ्या बोर्डवर रोबो मान वाकवतो तेव्हा तुझा गळा दाटून येतो. परीक्षकाला एक रोबो मान वाकवताना दिसतो, बस.

सिनेमाच्या वाट्याचं जे रडू आहे, त्याचा मात्र अभ्यास करता येतो. आवाज बंद करून वीज उपकेंद्राचा प्रसंग लाव. रोबो तारांत अडकलाय, होगार्थ, म्हणजे त्यातला पोरगा, आधी जीव घेऊन पळतो, मग मागे फिरून स्विच पाडतो. एकेक फ्रेम पुढे सरकव. रोबोचं पाऊल टेकल्यावर उरलेलं धड किती फ्रेमनंतर स्थिरावतं ते मोज, आणि त्याच प्रसंगात पोराचं मोज. रोबोचं वजन या फरकात आहे, लोखंडावर काढलेल्या खिळ्यांत नाही. (खिळे तू फार प्रेमानं काढलेत, कबूल.)

अजून एक गंमत. तो रोबो संगणकावर केलेला आहे आणि माणसं, गाव, जंगल हातानं काढलेलं. संगणकाची रेघ फारच नितळ यायची, म्हणून ती हातच्या रेघेसारखी किंचित थरथरावी यासाठी त्या लोकांनी वेगळा प्रोग्रॅम लिहिला. एवढी मेहनत कशासाठी, तर ती कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. तुझा रोबो आणि शेजारची मुलगी सध्या दोन वेगळ्या फिल्मांतून आल्यासारखी दिसतात. यावर नंतर बोलू.

खरी गोष्ट पुढं आहे. ब्रॅड बर्डनं हा सिनेमा टेड ह्यूजच्या 1968 च्या पुस्तकावरून केला. मूळ गोष्ट इंग्लंडमधली. बर्डनं ती उचलून 1957 च्या अमेरिकेत, मेन राज्यातल्या एका छोट्या गावात नेली. डोक्यावर रशियाचा उपग्रह स्पुटनिक फिरतोय आणि खाली माणसं आभाळाकडे संशयानं बघताहेत. पुस्तकात नव्हता असा एक प्रश्नही त्यानं आत घातला. त्याच्या बहिणीचा बंदुकीच्या गोळीनं जीव गेला होता. बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं, तर काय, हे त्याला विचारायचं होतं. 1999 मध्ये सिनेमा थिएटरात आपटला. तरी टीव्हीवरून, डीव्हीडीवरून तो तुझ्यासारख्या पोट्ट्यांपर्यंत पोचला आणि तिथं टिकला, तो या प्रश्नाच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे ज्या सिनेमाला तू सलाम करतेस, त्याच्या दिग्दर्शकानं स्वतः मूळ पुस्तकाची नक्कल केली नाही. तू त्याचा रोबो घेतलास आणि असा एकही प्रश्न घातला नाहीस.

मोठ्या देहाची चाल शिकायला तुला सिनेमाही लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीला ये. काळ्या मारबतीचा भला मोठा पुतळा 1881 पासून निघतो, पिवळीचा 1885 पासून, आणि सोबत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे तसेच धिप्पाड पुतळे. गल्लीच्या वळणावर बडग्याकडे नीट बघ. पाया आधी वळतो, कंबर मागून येते, डोकं सगळ्यात शेवटी, आणि मिरवणूक थांबली तरी हात झुलत राहतात. हेच मी वर्गात घसा कोरडा करून सांगतो. फोनवर शूट कर, पण एखाद्या गॅलरीतून नको. गर्दीत उभी राहा, कॅमेरा खालून वर ठेव.

बडग्याच्या अंगावर त्या वर्षीचा गावाचा राग लिहिलेला असतो: महागाई, भ्रष्टाचार, जे बोचलं असेल ते. त्याला मिरवतात आणि शेवटी जाळतात. जाळण्यासाठीच घडवलेल्या त्या धिप्पाड देहाला काय वाटत असेल? ही कल्पना उचलू नकोस, ती माझी आहे आणि अजून कच्ची आहे. प्रश्न कसा सुचतो ते दाखवायला दिली. तू मात्र एकदा बोलता बोलता म्हणाली होतीस की हिंगण्याच्या एमआयडीसीतलं वर्कशॉप बंद झाल्यापासून बाबा घरात मशीनचा विषय काढू देत नाहीत. मला तिथं काहीतरी दिसतं. त्यांना विचार. नाही बोलले, तर ते कसे गप्प बसले, हातांचं काय केलं, कुठं बघत राहिले, ते वहीत काढून ठेव.

सध्या फिल्म बाजूला. मला तीन सेकंद हवेत, म्हणजे 72 फ्रेम: एक जड देह, एक पाऊल. रोबो नको, संगीत नको, रंगही नको, पेन्सिल चालेल. शनिवारपर्यंत पाठव, कारण रविवारी मी चंद्रपूरला निघतोय आणि गाडीत मला निवांत वेळ आहे.

तुझे सर