खोडरबर कुणाच्या हातात?

मावशी, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. अक्षर फारच वाईट. ३ आणि ६ ची तर नेहमी अदलाबदल. रोज संध्याकाळी तासभर शेजारी बसून मी त्याच्याकडून दोन पानं शुद्धलेखन करून घेते. अक्षर बिघडलं की मी लगेच खोडते आणि तिथंच पुन्हा लिहायला लावते. तरी सुधारणा नाही. हल्ली तर वही काढली की त्याचं पोट दुखायला लागतं. दुरेघी वही चांगली की चौरेघी? आणि पानं वाढवू का?
– एक आई

वहीचं आधी सांगून टाकते. कोणतीही आणा, रेघांमधलं अंतर मोठं असलं म्हणजे झालं.

‘मी लगेच खोडते.’ एवढं सहज लिहून तुम्ही पुढे गेलात आणि मी तिथंच थांबले. म्हणजे खोडरबर तुमच्या हातात असतो. लिहितो तो, आणि बरं-वाईट ठरवता तुम्ही, तेही त्याची पेन्सिल कागदावरून उचलायच्या आत. मला याचा राग आला, तो लपवत नाही.

त्याच्या जागी बसून बघा. त्यानं ‘व’ काढला. वाटी उघडी राहिली, काना तिरका गेला की अक्षर रेघेखाली घसरलं, हे कळायला ते अक्षर डोळ्यांसमोर तर असायला हवं! बिघडलेला ‘व’ आणि त्याच्याच शेजारी जरा बरा जमलेला ‘व’, ही जोडी बघूनच मूल शिकतं. त्या जोडीतला एक तुम्ही रोज पुसून टाकता. वही स्वच्छ दिसते, पण महिन्यापूर्वी आपण कसं लिहायचो हे त्या पोराला कुठंच सापडत नाही.

आणि तासभर? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी मऊ कूर्चेचीच असतात, आणि त्यातलं शेवटचं टणक व्हायला लागायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. हा मुलगा सहा वर्षांचा आहे. बोटं थकली की मुलं पेन्सिल आवळून धरतात, दाबून लिहितात, अक्षर आणखी बिघडतं. मग तुम्ही तेही खोडता. ३ आणि ६ चं म्हणाल, तर सातव्या वर्षापर्यंत आकार उलटे निघणं अगदी सर्रास दिसतं. पोटदुखीला मात्र नाटक समजू नका. मला तर पत्रातली तीच ओळ सगळ्यात जास्त लागली.

आज रात्री घरातले सगळे खोडरबर उचला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाका. त्याचाही. महिनाभर खाली काढायचा नाही. चुकलं तर चुकलेलं तिथंच राहील, त्यानं पुढच्या जागी पुन्हा लिहावं.

दोन पानं बंद. दहा मिनिटं, दोन-तीन ओळी, बस्स. आधी ‘व’ घ्या. तो हातात बसला की ‘ब’ आणि ‘क’ त्याच वाटीतून निघतात. पेन्सिल बोटभर लांबीचीच द्या. लांब पेन्सिल मुठीत मावते, तुकडा चिमटीतच धरावा लागतो. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा खोका ठेवा, खांदे आपोआप सैल पडतात. ओळ संपली की त्यातलं सगळ्यात छान अक्षर त्यानं शोधायचं आणि त्याभोवती गोल काढायचा. त्यानंच. तुम्हाला दुसरं आवडलं असेल तरी गप्प राहा. फार तर विचारा, “हेच का रे निवडलंस?” आणि उत्तर नीट ऐका. सहा वर्षांची मुलं याची फार नेमकी उत्तरं देतात, कारण आपण कुठं वळलो आणि कुठं अडलो हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं.

पानावर तारीख घाला. महिना झाला की पहिलं पान आणि शेवटचं पान त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.

पहिल्या संध्याकाळी अक्षर बिघडेल आणि तो लिहिणं थांबवून तुमच्या हाताकडे बघेल. त्या वेळी हात मांडीवरच असू द्या.