सुई न टोचता गायीचा आजार ओळखता येतो का?

प्रश्न : आमच्या सहा गायी रोज माळावर चरतात. आजार कळतो तो दूध घटल्यावरच. तो आधी ओळखता येईल का?

उत्तर : येईल, आणि सुरुवात रवंथापासून करावी. निरोगी गाय दिवसाकाठी साधारण ७ ते ८ तास रवंथ करते. दुपारी सावलीत बसलेल्या गायीपासून थोडे दूर थांबून पाहा : पोटातून वर येणारा गोळा मानेवरून सरकताना दिसतो, मग ती तो बहुधा ४० ते ७० वेळा चघळून गिळते आणि काही क्षणांत पुढचा गोळा वर येतो. हे चघळणे रोजच्यापेक्षा कमी झाले, तर दूध घटण्याची वाट पाहू नका, पशुवैद्यकांना बोलवा.

संध्याकाळी गायी परतल्या की डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागचा त्रिकोणी भाग, जरूर पाहा. तिथे खोल खड्डा दिसला, तर माळावर हिंडूनही गायीने पुरेसे खाल्लेले नाही.

गळ्यातले संवेदक पट्टे मानेच्या हालचालींवरून चरण्याचा आणि रवंथाचा वेळ नोंदवतात. मोठ्या गोठ्यात ते फार उपयोगी पडतात, पण सहा गायींसाठी रोजची वही आणि तुमची नजर मला अधिक भरवशाची वाटते.