म्हातारा कुत्रा घरी आणताय? आधी एवढं करा

ताई, दहा-बारा वर्षांचा कुत्रा दत्तक घेताय हे वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे असे तीन राहून गेले, त्यावरून सांगते.

पहिल्याच दिवशी अंघोळ घालू नका, पाहुणे बोलावू नका. बहुतेकांची चूक इथंच होते. आमचा मोत्या आठवडाभर दिवाणाखालून बाहेर येईना. मी नुसती शेजारी जमिनीवर बसून पेपर वाचायचे. नवव्या दिवशी त्याने हनुवटी माझ्या पावलावर टेकवली.

- पहिल्या आठवड्यातच रक्त, लघवी, दात, हृदय तपासून घ्या.
- गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका, मागचे पाय घसरतात.
- द्राक्षं-मनुका एक दाणाही नको, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, म्हणून मुद्दाम सांगते.
- लंगडतोय म्हणून आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका.

बाकी औषधपाण्याचं नंतर बोलू.

आता शेवटाचं. कॅलेंडरवर रोज खूण करा: जेवला का, आपणहून उठला का. वाईट दिवस वाढले की इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. घरी येणारे डॉक्टर आधीच शोधून ठेवा. मोत्याच्या वेळी मी तीन आठवडे उशीर केला, केवळ मला सोडवेना म्हणून. त्याला फार दुखलं.

दीड वर्षच लाभला तो. गंगापूर रोडला फिरायला निघताना अजून हात पट्ट्याच्या खुंटीकडे जातो. तरी त्याच पावसाळ्यात म्हातारी चंपी घरी आणली.