तक्रार देवापाशी करा, आणि घरातल्या सगळ्यांसमोर करा

ताई, पत्र वाचून जीव कळवळला. यजमानांची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपत आलीय, आणि तुम्ही लिहिता: ‘चर्चमध्ये कुणी विचारलं की “देवाच्या कृपेने सगळं ठीक” असं म्हणते. घरी आल्यावर बायबल उघडावंसंही वाटत नाही. फ्रिजवर यिर्मया 29:11, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं वचन, लावलंय, पण ते वाचून आता काहीच होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?’

नाही, विश्वास कमी पडत नाहीये. पण ते ‘सगळं ठीक’ आधी बंद करा बघू. परदेशात आलो की आपल्या सगळ्यांना ही खोड लागते. इथल्या लोकांसमोर रडायचं नाही, आणि आईवडिलांना घोर नको म्हणून फोनवर हसायचं. मग तोच हसरा चेहरा घेऊन आपण देवासमोरही बसतो आणि वर म्हणतो, प्रार्थनेत मन लागत नाही. कसं लागेल?

बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक काढा. 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि आपण मात्र दिलासा देणारं 23वं आणि 121वं तेवढं पाठ करतो. तेरावं वाचा. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो. तू मला विसरणार का, माझ्यापासून तोंड लपवणार का, असं थेट देवाला. सहाव्या वचनापर्यंत तोच माणूस गायला लागतो, पण मधल्या काळात संकट टळलं असं स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही. 88वं तर अंधारावरच संपतं. आणि वधस्तंभावर प्रभू येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ अशी जी हाक मारली, ती 22व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीतली. त्याने टाहो फोडला, आणि तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात हसतमुखाने प्रार्थना करणाऱ्या?

आमच्या घरी देवापाशी अशी तक्रार करायची रीत सासऱ्यांनी घातली. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ते आमच्याकडे राहायला आलेले होते. जेवणं झाली, ताटं तशीच होती, आणि त्यांनी तेरावं स्तोत्र वाचलं. मग म्हणाले, आता प्रत्येकाने आपापलं ‘कोठवर’ देवाला सांगायचं. मी गप्प, नवरा गप्प. धाकटा तेवढा बोलला, ‘देवा, बाबा रात्री अंधारात किचनमध्ये किती दिवस बसणार?’ आम्हाला वाटत होतं मुलांना काही कळत नाही! त्या रात्री नवरा मुलांसमोर पहिल्यांदा मोकळा झाला. नोकरी काही लगेच लागली नाही, पण घरात कुजबुज करून बोलणं थांबलं, आणि मला तेव्हा आशा म्हणजे काय ते समजलं.

तर आजपासून हे करा. जेवणानंतर फोन बाजूला ठेवून एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाने देवाला एक वाक्य सांगा. कुणाच्या वाक्यावर उपदेश करायचा नाही, ‘असं बोलू नये’ म्हणायचं नाही. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. दहा मिनिटं पुरतात. यजमान नको म्हणाले तर मुलांना घेऊन सुरू करा, ते दारातून ऐकतील.

फ्रिजवरचं वचनही राहू द्या, फक्त त्याच्या वरची वाचा. बंदिवासात बाबेलला नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं ते पत्र आहे. दहाव्या वचनात परतायला सत्तर वर्षं लागतील असं म्हटलंय, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हयातीत परतणं नव्हतंच. त्यांना देव सांगतो: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. यजमान सकाळी वेळेवर आंघोळ करून अर्ज लिहायला बसत असतील, तर तेही या वचनाप्रमाणेच जगणं आहे. त्यांना तसं बोलून दाखवा.

एक मात्र बजावून सांगते. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, आजच जा. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. मुलगा संडे स्कूलला येत नाही म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. तिथे काय खटकतं ते त्याला विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. सासूबाईंना मराठी उपासना ऑनलाइन बघायची आहे, तर बघू देत, तुम्हीही शेजारी बसा. पण इथली चर्चची मंडळी सोडू नका. अडीअडचणीला दारात माणूस यावा लागतो, आणि तो स्क्रीनमधून येत नाही. येत्या रविवारी पाळकांना गाठून नोकरीचं आणि व्हिसाचं सगळं खरं सांगा. कामाच्या ओळखीही पुष्कळदा तिथूनच निघतात.